विज्ञानकथांचे शालेय अध्यापन

विज्ञानकथांचे शालेय अध्यापन म्हणजे माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांतील विद्यार्थ्यांना विज्ञानकथा या साहित्यप्रकारातील नावाजलेल्या कथा भाषा, विज्ञान किंवा समाजशास्त्र या विषयांच्या अंगाने शिकवणे होय. भारतात अशा कथा मुख्यतः भाषेच्या पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळा पैलू आहे. मराठीतील सर्वाधिक परिचित विज्ञानकथाकार जयंत नारळीकर यांच्या कथा देशभरातील विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतून अभ्यासल्या. त्यामुळे अनेक मराठी विद्यार्थ्यांची एका मराठी लेखकाच्या कथेशी पहिली ओळख इंग्रजीच्या तासाला झाली आहे.

विज्ञानकथा भाषा आणि विज्ञान या दोन विषयांच्या सीमेवर उभी असते. ती शिकवताना कथेतील प्रस्थापित विज्ञान, लेखकाने धरलेले गृहीतक आणि निव्वळ कल्पना यांत फरक करण्यास विद्यार्थ्यांना शिकवणे, हे या अध्यापनाचे मुख्य उद्दिष्ट मानले जाते.

## संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत या साहित्यप्रकारासाठी 'विज्ञानकथा' ही संज्ञा रूढ आहे. विज्ञानाचा प्रसार हा हेतू ठेवून लिहिलेल्या कथांना 'विज्ञानरंजन कथा' असेही म्हणतात. शास्त्रज्ञांची चरित्रे, शोधांच्या कहाण्या किंवा वैज्ञानिक माहितीपर लेख विज्ञानकथेत मोडत नाहीत. विज्ञानाच्या नियमांशी सुसंगत, परंतु अद्याप प्रत्यक्षात न आलेली एखादी शक्यता खरी धरून तिचे मानवी जीवनावर होणारे परिणाम दाखवणारी कथा, असे तिचे स्थूल लक्षण सांगता येते.

समीक्षक डार्को सुविन यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेचे वर्णन ज्ञानाधिष्ठित अपरिचितीकरण करणारे साहित्य असे केले. परिचित जग काहीसे अनोळखी करून दाखवायचे, मात्र ते जादूने नव्हे तर तर्काने, असा या वर्णनाचा आशय आहे. परीकथा आणि विज्ञानकथा यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी हे वर्णन उपयोगी ठरते. परीकथेतील उडता गालिचा का उडतो, हा प्रश्न कथेला अपेक्षित नसतो. विज्ञानकथेत मात्र तो प्रश्न विचारणे हा वाचनाचाच भाग असतो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

### जागतिक

मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) ही कादंबरी अनेक अभ्यासक या प्रकाराचा आरंभ मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांनी त्याला व्यापक वाचकवर्ग मिळवून दिला. १९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. आयझॅक असिमॉव्ह, आर्थर सी. क्लार्क, रे ब्रॅडबरी आदी लेखकांच्या विसाव्या शतकाच्या मध्यातील कथा आज शालेय वाचनात अभिजात म्हणून गणल्या जातात.

या कथा सुरुवातीला स्वस्त मासिकांतून प्रसिद्ध होत असल्यामुळे शिक्षणक्षेत्राने त्यांना बराच काळ करमणुकीचे वाङ्मय मानले. १९७० साली सायन्स फिक्शन रिसर्च असोसिएशन ही अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. कॅन्सस विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स गन यांनी 'द रोड टू सायन्स फिक्शन' हे कथासंग्रहांचे अनेक खंड अध्यापनाच्या दृष्टीने संपादित केले. डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' ही १९५९ ची कथा अमेरिकेतील शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर शिकवली जाते.

### मराठी

मराठीतील विज्ञानकथेची सुरुवात भाषांतरापासून झाली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही आरंभीची स्वतंत्र मराठी विज्ञानकथा मानली जाते. पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नच्या कादंबऱ्यांची 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशी कुमारांसाठी रूपांतरे केली. अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन म्हणून ही पुस्तके शाळकरी वाचकांच्या अनेक पिढ्यांनी वाचली.

२४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेमुळे नव्या लेखकांना व्यासपीठ मिळाले. १९७४ साली या स्पर्धेसाठी जयंत विष्णु नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावामुळे परीक्षकांचे मत प्रभावित होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. टोपणनावाची आद्याक्षरे त्यांच्या खऱ्या नावाच्या आद्याक्षरांच्या उलट्या क्रमाने होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. १९७९ साली त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यानंतर 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या कादंबऱ्या आल्या. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

याच काळात बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, मेघश्री दळवी आदींनी विज्ञानकथालेखन केले. लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा फोंडके यांनी संपादित केलेल्या, भारतीय भाषांतील विज्ञानकथांच्या 'इट हॅपन्ड टुमारो' (१९९३) या नॅशनल बुक ट्रस्टच्या इंग्रजी संग्रहात समाविष्ट आहे.

## पाठ्यपुस्तकांतील स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) २००६ ते २००८ या काळात आणलेल्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत सातवी ते बारावी या प्रत्येक इयत्तेत विज्ञानकथेच्या अंगाने जाणारा किमान एक पाठ होता.

* सातवी: 'अ‍ॅन एलियन हँड' – जयंत नारळीकर. पूरक वाचनाच्या पुस्तकाचे नावही याच कथेवरून ठेवलेले होते.
* आठवी: 'द कॉमेट' (दोन भाग) – जयंत नारळीकर.
* नववी: 'द फन दे हॅड' – आयझॅक असिमॉव्ह.
* दहावी: 'फूटप्रिंट्स विदाउट फीट' – एच. जी. वेल्स यांच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीवर आधारित.
* अकरावी: 'द अ‍ॅडव्हेंचर' – जयंत नारळीकर.
* बारावी: 'द थर्ड लेव्हल' – जॅक फिनी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर या मालिकेच्या जागी टप्प्याटप्प्याने नवी पुस्तके येत आहेत.

महाराष्ट्रात शालेय पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली 'बालभारती' ही संस्था करते. राज्य मंडळाच्या नववीच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात भालबा केळकर यांची 'यंत्रांनी केलं बंड' ही कथा घेण्यात आली. बारावीच्या इंग्रजी 'युवकभारती'तील कादंबरी विभागात व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'चा परिचय आहे. ही कादंबरी मात्र विज्ञानकथेपेक्षा साहसकथेच्या जवळची आहे. आयसीएसई परीक्षेच्या 'ट्रेझर ट्रोव्ह' या संग्रहात काही वर्षे रे ब्रॅडबरी यांची 'ऑल समर इन अ डे' ही कथा होती.

## वर्गात अभ्यासल्या जाणाऱ्या काही कथा

### गंगाधरपंतांचे पानिपत

नारळीकरांच्या या कथेचे इंग्रजी रूप 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि एका वेगळ्याच भारतात पोहोचतात. त्या भारतात १४ जानेवारी १७६१ रोजीचे पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकलेले असते. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे त्यांना चाटून गेलेली असते. एवढ्या एका फरकातून पुढचा सारा इतिहास बदलतो. कथेच्या शेवटी राजेंद्र देशपांडे हे पात्र पुंजभौतिकीतील अनिश्चितता आणि आपत्ती सिद्धान्त यांच्या आधारे या अनुभवाचे स्पष्टीकरण देते.

ही कथा इतिहास, भौतिकशास्त्र आणि भाषा या तिन्ही विषयांना स्पर्श करते. गंगाधरपंत आपल्याला आलेला अनुभव खरा की भास, हे ठरवण्यासाठी ग्रंथालयात जाऊन पुरावा शोधतात. युद्धाच्या निकालाची नोंद असलेले बखरीचे फाटके पान हाच त्यांचा अंतिम पुरावा ठरतो. वैज्ञानिक आणि इतिहासकार या दोघांनाही पुराव्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही, हे सूत्र कथेतून सहज पुढे येते.

पाठ्यपुस्तकातील मजकूर संक्षिप्त असून तशी नोंद पुस्तकातच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना पानिपत, बखर, विश्वासराव हे संदर्भ आधीपासून ठाऊक असतात. पुंजभौतिकीचा भाग मात्र त्यांना इंग्रजीतून कठीण वाटू शकतो. अशा वेळी मूळ मराठी कथा शेजारी ठेवून वाचल्यास आशय सुकर होतो आणि दोन भाषांतील निवेदनाची तुलनाही करता येते.

### धूमकेतू

'द कॉमेट' या कथेत दत्तदा नावाचे हौशी खगोलनिरीक्षक एक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणिताने दिसून येते. वैज्ञानिक गुप्तपणे एकत्र येऊन अण्वस्त्रे वाहून नेणाऱ्या अंतराळयानाच्या साहाय्याने त्याचा मार्ग बदलण्याची योजना आखतात. दुसरीकडे दत्तदांच्या घरी संकटनिवारणासाठी यज्ञ केला जातो. धूमकेतू निघून गेल्यावर श्रेय कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो.

एका घटनेनंतर दुसरी घटना घडली म्हणून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्रातील मूलभूत धडा या कथेत आहे. भारतीय संविधानाच्या ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) समाविष्ट झालेल्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. या कर्तव्याची चर्चा करताना ही कथा उदाहरण म्हणून घेता येते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' हे यान डिमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा कक्षाकाल सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. कथेतील मार्ग बदलण्याच्या कल्पनेशी या प्रत्यक्ष प्रयोगाची तुलना करता येते.

### द फन दे हॅड

असिमॉव्ह यांच्या १९५१ च्या या छोट्या कथेत २१५७ सालातील मार्जी आणि टॉमी या मुलांना कागदावर छापलेले जुने पुस्तक सापडते. त्यांचे शिक्षण घरीच, यंत्रशिक्षकाकडून चालते. पूर्वी सर्व मुले एकत्र शाळेत जात, हे वाचून मार्जीला त्या मुलांचा हेवा वाटतो. २०२० मधील टाळेबंदीत शाळा बंद असताना घरी बसून मोबाईलवर शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही कथा भविष्याची राहिली नाही. लेखकाचे भाकीत किती बरोबर ठरले, यापेक्षा यंत्र शिकवू लागल्यावर शाळेतील काय उरते आणि काय हरवते, हा चर्चेचा मुद्दा अधिक फलदायी ठरतो.

### ऑल समर इन अ डे

ब्रॅडबरी यांच्या १९५४ च्या या कथेत शुक्र ग्रहावर अखंड पाऊस पडतो आणि सात वर्षांतून एकदाच थोडा वेळ सूर्य दिसतो. पृथ्वीवरचा सूर्य आठवणाऱ्या मार्गॉट या मुलीला वर्गातील मुले नेमक्या त्याच वेळी कपाटात कोंडतात. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान ४६० अंश सेल्सियसच्या आसपास असते, हे पुढील अंतराळ मोहिमांनी दाखवून दिले. कथेतील शुक्र त्यामुळे खोटा ठरला, पण वर्गातील एकाकी मुलीचे दुःख खोटे ठरले नाही. विज्ञान जुने झाल्यावरही कथा का टिकते, या प्रश्नासाठी ही कथा नेहमी उद्धृत केली जाते.

## अध्यापनाच्या पद्धती

तीन रकान्यांचे वाचन: कथा वाचताना विद्यार्थी वहीत तीन रकाने आखतात. पहिल्यात सिद्ध झालेले विज्ञान, दुसऱ्यात लेखकाचे गृहीतक आणि तिसऱ्यात निव्वळ कल्पना लिहितात. कोणती बाब कोणत्या रकान्यात जावी, यावर होणारा वाद हाच पाठाचा गाभा असतो. भाषा आणि विज्ञान या दोन्ही विषयांचे शिक्षक हा तास एकत्र घेऊ शकतात.

गणिताने पडताळणी: व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत प्रवाशांना ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांबीच्या तोफेतून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने सोडले जाते. नववीत शिकवल्या जाणाऱ्या गतिविषयक समीकरणाने तोफेतील त्वरण काढल्यास ते गुरुत्वीय त्वरणाच्या २२ हजार पटींहून अधिक येते. एवढ्या त्वरणात कोणीही प्रवासी जिवंत राहू शकत नाही. अग्निबाणाला वेग हळूहळू का वाढवावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. दहावीच्या विज्ञानातील 'गुरुत्वाकर्षण' आणि 'अवकाश मोहिमा' या पाठांशीही त्याचा संबंध जोडता येतो.

कथेतील त्रुटी शोधणे: वेल्सचा अदृश्य माणूस स्वतः पाहू शकेल का, हा प्रसिद्ध प्रश्न आहे. डोळ्यातील दृष्टिपटलाने प्रकाश शोषला नाही तर प्रतिमा उमटत नाही. त्यामुळे पूर्ण पारदर्शक माणूस आंधळाच असेल. प्रकाशाचे अपवर्तन शिकलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना हा निष्कर्ष स्वतः काढता येतो. टॉम गॉडविन यांच्या 'द कोल्ड इक्वेशन्स' (१९५४) या कथेत मोजक्याच इंधनामुळे अंतराळयानात लपून बसलेल्या मुलीचा बळी दिला जातो. निसर्गनियमांपुढे दया चालत नाही, असे कथा सुचवते. परंतु सुरक्षेसाठी जादा इंधन न ठेवणारी यंत्रणा कोणी आखली, असा प्रतिप्रश्न अनेक वाचकांनी केला आहे.

परिचित संस्कृतीतून प्रवेश: नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा डावे-उजवे आणि आरशातील प्रतिमा या भूमितीच्या संकल्पनेवर आधारलेली आहे. घराघरांत परिचित असलेल्या मूर्तीपासून सुरुवात होत असल्याने अमूर्त संकल्पनेपर्यंत पोहोचणे सोपे जाते.

लेखन: राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेतील उपयोजित लेखनात कथालेखनाचा समावेश आहे. एकच गृहीतक घ्यायचे आणि त्याचे परिणाम तर्काने शेवटपर्यंत न्यायचे, हा विज्ञानकथालेखनाचा प्राथमिक नियम या सरावात वापरता येतो. मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी) आणि राष्ट्रीय विज्ञान दिन (२८ फेब्रुवारी) लागोपाठ येत असल्याने दोन्ही विषयांना जोडणाऱ्या कथावाचनासाठी हे दिवस सोयीचे ठरतात.

## स्थानिक संदर्भ: इंदापूर आणि बारामती

अभिजात विज्ञानकथांची पार्श्वभूमी बहुधा न्यूयॉर्क, लंडन किंवा परग्रहाची असते. ती विद्यार्थ्यांच्या अनुभवाशी जोडण्यासाठी परिसरातील उदाहरणे उपयोगी पडतात. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला भीमा आणि नीरा या नद्यांच्या दरम्यान वसलेला इंदापूर तालुका आणि त्याला लागून असलेला बारामती तालुका येथे अशी उदाहरणे मुबलक आहेत.

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची जमीन पाण्याखाली गेली. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयात बुडाले असून पाणी खूप ओसरलेल्या वर्षी ते पुन्हा उघडे पडते. त्याच जलाशयाच्या भिगवणजवळील उथळ पाण्यात आज रोहित पक्षी येतात आणि धरणाच्या पाण्यावर ऊस पिकतो. धरण झाले नसते तर येथील गावे, पिके आणि पक्षी कसे असते, हा 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेच्या धर्तीचाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ कल्पनेने देता येत नाही. त्यासाठी जुने नकाशे, पर्जन्यमानाच्या नोंदी आणि विस्थापित कुटुंबांतील ज्येष्ठांच्या आठवणी गोळा कराव्या लागतात. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचा मृत्यू इंदापूरच्या लढाईत झाला. या घटनेवरूनही इतिहासातील निर्णायक क्षणांची चर्चा करता येते.

यंत्र आणि माणूस यांच्या संबंधावरील कथांना बारामती परिसरात वर्तमानाचा आधार मिळतो. असिमॉव्ह यांनी यंत्रमानवाचे तीन नियम १९४२ च्या 'रनअराउंड' या कथेत स्पष्टपणे मांडले. आज बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यात शेतातील संवेदक आणि उपग्रहांवरून मिळणाऱ्या माहितीच्या आधारे पाणी, खत आणि रोगराईविषयी सल्ला दिला जातो. ऊस उत्पादक कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी यंत्राचा सल्ला चुकला तर जबाबदार कोण, माहितीची मालकी कोणाची आणि शेतमजुराच्या कामाचे काय, हे प्रश्न घरातलेच आहेत.

जिल्ह्याच्या उत्तरेला जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती लोकांना पाहण्यासाठी खुली केली जाते. परग्रहावरून येणाऱ्या संदेशाच्या कथा वाचलेल्या विद्यार्थ्यांना रेडिओ खगोलशास्त्र प्रत्यक्षात कसे चालते, हे तेथे पाहता येते.

## मूल्यमापन

विज्ञानकथेवर परीक्षेत विचारले जाणारे प्रश्न बहुतांशी आकलनाचे असतात. पात्रांची नावे, घटनांचा क्रम, शब्दार्थ यांची उत्तरे पाठ करता येतात. या साहित्यप्रकाराचा खरा कस 'स्वमत' आणि 'अभिव्यक्ती' या प्रकारच्या कृतींत लागतो. कथेतील एक गृहीतक बदलल्यास शेवट कसा बदलेल, किंवा कथेतील कोणते विधान आज अमान्य ठरले आहे व का, अशा प्रश्नांना एकच ठरलेले उत्तर नसते. त्यामुळे उत्तराचा निष्कर्ष काय आहे यापेक्षा तो कोणत्या कारणांनी काढला आहे, याला गुण देणे अपेक्षित असते. मार्गदर्शक पुस्तकांतील तयार उत्तरे लिहिण्याची सवय असलेल्या वर्गात हा बदल अवघड जातो.

## मर्यादा आणि आक्षेप

* चुकीची माहिती पक्की होण्याची भीती: कथेतील कल्पना विद्यार्थी वस्तुस्थिती मानतील, असा आक्षेप विज्ञान शिक्षकांकडून घेतला जातो. कथेनंतर पडताळणीचा तास न झाल्यास हा आक्षेप रास्त ठरतो.
* संक्षेप: पृष्ठमर्यादेमुळे पाठ्यपुस्तकात कथा कापून घेतल्या जातात. विज्ञानकथेत स्पष्टीकरणाचा परिच्छेद गाळला तर तर्काची साखळी तुटते आणि उरलेली कथा चमत्कारकथेसारखी वाटते.
* स्त्रियांचे चित्रण: विसाव्या शतकाच्या मध्यातील कथांत वैज्ञानिक बहुधा पुरुष असतात. 'धूमकेतू'तही विज्ञानाची बाजू पुरुषांकडे आणि यज्ञाचा आग्रह पत्नीकडे आहे. ही बाब वर्गात मोकळेपणाने चर्चेला घेणे आणि शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांच्यासारख्या लेखिकांचे लेखन सोबत वाचणे, हा त्यावरील एक मार्ग आहे.
* भाषा: अभिजात कथांपैकी फार थोड्या कथा शालेय वयाला साजेशा मराठी अनुवादात उपलब्ध आहेत. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची इंग्रजी वाचनाची गती कमी असल्यास सारा तास शब्दार्थ सांगण्यातच जातो. उलट मराठीतील मूळ विज्ञानकथा राज्य मंडळाच्या मराठीच्या पुस्तकांत तुरळकच आढळतात.
* पुस्तकांची उपलब्धता: ग्रामीण शाळांच्या ग्रंथालयांत विज्ञानकथासंग्रह असतीलच असे नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये मान्यता मिळालेली गावोगावची ग्रंथालये आणि बालभारतीचे १९७१ साली सुरू झालेले 'किशोर' मासिक यांचा येथे आधार होतो. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत.
* शिक्षकांची विभागणी: भाषेचे शिक्षक कथेतील विज्ञान टाळतात आणि विज्ञानाच्या शिक्षकांच्या वेळापत्रकात कथेला जागा नसते. त्यामुळे दोन्ही विषयांना जोडणारा पाठ प्रत्यक्षात कोणाच्याच वाट्याला येत नाही. या विषयातील ही सर्वांत मोठी अडचण मानता येईल.

## हे सुद्धा पहा

* विज्ञानकथा
* जयंत नारळीकर
* भा. रा. भागवत
* मराठी विज्ञान परिषद
* बालभारती
* उजनी धरण
* इंदापूर तालुका